इंग्रजीचे शब्द निवडायचे कसे? आठवी ते दहावीचं साहित्य आणि पेपर काढताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते, म्हणजे बोर्डाच्या भाषेत तृतीय भाषा इंग्रजी. वर्कशीट, घटक चाचणी, सहामाहीचा पेपर, सरावाचे उतारे हे सगळं आपल्यालाच बनवावं लागतं आणि ते बनवताना बाकीचे शिक्षक मला जे विचारत असतात ते इथे एका जागी लिहून ठेवलंय. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, जिथे बोलण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त बोललेय.

प्रश्न : शब्द वेगळे निवडायचे कशाला? पुस्तकात जे आहेत ते शिकवले की झालं ना?

पुस्तकातले शब्द पुस्तकाने निवडलेत, मान्य. पण तुम्ही फळ्यावर जे वाक्य लिहिता, चाचणीत जो प्रश्न टाकता, उताऱ्याखाली जी सूचना देता, ते शब्द तुम्ही निवडता आणि पोरं बहुतेक वेळा तिथेच अडखळतात.

माझ्याच हातून झालेली चूक सांगते. आठवीच्या चाचणीत बांबूवर छोटा उतारा दिला होता आणि खाली प्रश्न होता, 'स्टेट टू युजेस ऑफ बांबू'. एका मुलाने उत्तर लिहिलं, महाराष्ट्र आणि आसाम. पेपर तपासताना मी लाल पेनाने फुली मारली आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी पेपर वाटल्यावर त्याला विचारलं तर म्हणाला, मॅडम, स्टेट म्हणजे राज्य ना, तुम्ही दोन राज्यं विचारली होती. त्याच्या घराच्या परसात बांबूचं बेट आहे, बांबूचे दोन काय दहा उपयोग त्याला तोंडपाठ आहेत. मला त्याचं वाचन तपासायचं होतं आणि मी तपासला एक क्रियापद, जे मी वर्गात कधी शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून पेपर काढला की उत्तरपत्रिकेच्या आधी मी प्रश्नातले शब्द तपासते.

प्रश्न : एखादी तयार यादी आहे का? कुठली वापरावी?

आहेत, इंग्रजीत जे शब्द जास्त वेळा येतात त्यांच्या याद्या, आणि फुकट मिळतात. सगळ्यात जुनी आणि नावाजलेली म्हणजे मायकेल वेस्ट यांची जनरल सर्व्हिस लिस्ट, १९५३ सालची, साधारण २,००० शब्द. तिची सुधारित आवृत्ती म्हणता येईल अशी न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट २०१३ मध्ये आली, तिच्यात साधारण २,८०० शब्द आहेत आणि सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले शंभरातले नव्वदच्या वर शब्द तिच्यात सापडतात असं तिच्या कर्त्यांचं म्हणणं आहे. ऑक्सफर्डची ३,००० शब्दांची यादी पण चांगली, तिच्यात प्रत्येक शब्दापुढे ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशी सोप्याकडून अवघडाकडे जाणारी पातळी दिलेली असते त्यामुळे पेपर काढताना पटकन बघता येतं. आणि अकरावी-बारावीच्या पुढे जाणाऱ्यांसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट, २००० सालची, ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब). आठवी-नववीला ही शेवटची यादी सरसकट लागत नाही, पण सेमीच्या म्हणजे विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांना लागते, त्याबद्दल खाली लिहिलंय.

वेस्ट यांच्याबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं कारण हा माणूस आपल्याच भागात काम करून गेलाय. १९२०च्या दशकात ते ढाक्याला, शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात होते. बंगाली माध्यमातून शिकणारी पोरं, वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतायत आणि तरी एक साधं पुस्तक वाचता येत नाही, हे त्यांनी रोज बघितलं. त्यांनी रीडरमधले म्हणजे वाचनाच्या पुस्तकांतले दुर्मिळ शब्द काढून नेहमीचे घातले आणि नवा शब्द आला की तो पुढे पुन्हा पुन्हा येईल अशी वाक्यं बांधली. म्हणजे शब्द मोजून, निवडून पुस्तक लिहायची ही पद्धत पोसली गेली ती तुमच्या-माझ्यासारख्याच वर्गांत.

त्यांची एक कल्पना मला फार जवळची वाटते. तिला ते सरेंडर व्हॅल्यू म्हणायचे. एलआयसीची पॉलिसी ज्यांनी मधेच मोडलीय त्यांना हा शब्द नीट माहीत असेल, हप्ते पूर्ण भरले नाहीत तर हातात किती पडतात ती रक्कम. वेस्ट यांचं म्हणणं असं की बहुतेक मुलं अभ्यासक्रम पूर्ण करत नाहीत, मधेच शाळा सोडतात, मग ज्या दिवशी सोडली त्या दिवशी त्यांच्या हातात किती इंग्रजी पडलं ते बघा. माझ्या वर्गातली काही मुलं दहावीनंतर शेतीत, गॅरेजमध्ये, दुकानात जातात, काही मुलींची लग्नं होतात. त्यांना मी जो शब्द देते तो औषधाच्या चिठ्ठीवर, खताच्या गोणीवर, फॉर्मवर, मोबाइलच्या स्क्रीनवर कामी येणार आहे की नाही? यादीतून शब्द उचलताना हा प्रश्न मी स्वतःला दर वेळी विचारते.

प्रश्न : म्हणजे जो शब्द जास्त वेळा येतो तो आधी शिकवायचा, एवढंच ना?

नाही, एवढंच नाही. याद्या बनतात त्या बहुतेक मोठ्या माणसांच्या मजकुरावरून, पेपरातल्या बातम्या, पुस्तकं, मुलाखती. त्यामुळे 'गव्हर्न्मेंट', 'पॉलिसी', 'मार्केट' वर येतात आणि 'चॉक', 'बकेट', 'शार्पनर', 'सोप' खाली जातात किंवा यादीत नसतातच. वर्गात मात्र चॉक रोज लागतो. वेस्ट यांनी सुद्धा नुसती वारंवारता धरली नव्हती, शब्द शिकायला किती सोपा, त्याची गरज किती, त्याच्यावाचून दुसऱ्या शब्दाने काम भागतं का, हे पण बघितलं होतं.

मी तीन गोष्टी बघते. यादीत आहे का, आपल्या पुस्तकात पुढे परत येणार आहे का, आणि मुलाला शाळेबाहेर लागणार आहे का. तिन्हीपैकी दोनाला हो आलं तर शब्द शिकवायचा. एकालाच हो आलं तर त्या तासापुरता अर्थ सांगून पुढे जायचं, पाठ करायला लावायचा नाही. तिन्हीला नाही आलं तर मी तो शब्द उताऱ्यातून काढून टाकते, मग तो कितीही छान असो.

प्रश्न : एका उताऱ्यात अनोळखी शब्द किती चालतात?

संशोधनात दोन आकडे नेहमी येतात, ९५ टक्के आणि ९८ टक्के. म्हणजे कुणाच्या मदतीशिवाय आरामात समजायचं असेल तर शंभरातले ९८ शब्द माहीत हवेत, आणि ९५ असतील तर ओढूनताणून समजतं. टक्क्यांत बोललं की ९५ खूप वाटतात, म्हणून शब्दांत मोजा. दीडशे शब्दांचा उतारा घेतला तर ९८ टक्क्यांना फक्त तीन अनोळखी शब्द आणि ९५ला सात-आठ. आता तुमचा मागच्या चाचणीचा उतारा काढा आणि वर्गातल्या मधल्या मुलाच्या डोळ्याने (पहिल्या नंबराच्या नाही) अनोळखी शब्दांखाली रेघ मारा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा बावीस निघाले होते.

माझा नियम असा, शिकवण्याच्या उताऱ्यात सात-आठ चालतील कारण मी वर्गात आहे, विचारता येतं. परीक्षेच्या उताऱ्यात तीन, फार तर चार, आणि त्यातले निदान दोन तरी आजूबाजूच्या वाक्यांवरून ओळखता यायला हवेत.

प्रश्न : शब्द अवघड आहे हे ओळखायचं कसं? स्पेलिंग लांब असेल तर अवघड?

लांबीचा फार कमी संबंध. 'इलेक्ट्रिसिटी', 'हॉस्पिटल', 'काँप्युटर', 'टेम्परेचर' लांब आहेत आणि पोरांना येतात. 'येट', 'दो', 'अनलेस', 'टिल' छोटे आहेत आणि दहावीच्या मुलांना पण चकवतात. वाक्याला वाक्य जोडणारे हे शब्द डिक्शनरीत बघूनही हाताला लागत नाहीत कारण त्यांचा अर्थ दोन वाक्यांच्या मधे असतो.

आणि खरे फसवे शब्द म्हणजे ओळखीचे शब्द अनोळखी अर्थाने आलेले. नववीला दिलेलं हे एक वाक्य बघा : 'द फार्मर ड्रू वॉटर फ्रॉम द वेल अँड पोअर्ड इट इंटू द ट्रफ'. तेरा शब्द. शब्द तपासणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमधून काढलं तर ते 'ट्रफ'वर बोट ठेवेल, बाकी सगळे पहिल्या दोन हजारांतले. मी पण 'ट्रफ'चीच काळजी केली होती. पण पुढच्या वाक्यात बैल पाणी पितात असं होतं त्यामुळे 'ट्रफ' म्हणजे जनावरांच्या पाण्याचा हौद हे निम्म्या वर्गाने आपणहून ओळखलं. अडलं कुठे, तर 'ड्रू'वर. ड्रॉ म्हणजे चित्र काढणे हे पहिलीपासून घोटलेलं, आणि 'वेल' म्हणजे चांगलं, 'वेरी वेल' मधलं. मग शेतकऱ्याने पाण्याचं छान चित्र काढलं असा अर्थ लागला आणि तो लावणारी मुलं हुशार होती, त्यांनी त्यांना येत असलेल्या शब्दांवरून बरोबर तर्क केला होता. मी फळ्यावर विहीर आणि दोर काढला आणि म्हटलं, ड्रू म्हणजे शेंदलं. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, मग तसं सांगा ना मॅडम! शेंदणं हा शब्द माझ्यापेक्षा त्यांच्या जास्त सवयीचा.

तेव्हा यादी तपासताना शब्दासोबत अर्थ पण तपासा. 'फाइन' म्हणजे दंड, 'बँक' म्हणजे नदीचा काठ, 'फास्ट' म्हणजे उपवास, 'लीव्ह' म्हणजे रजा, 'मीन' म्हणजे कंजूस. हे सगळे सोप्या शब्दांच्या वेषातले अवघड शब्द आहेत.

प्रश्न : मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द मुलांना आधीच येतात, ते फुकटात धरायचे ना?

धरा, पण एकदा नीट तपासून. ही आपली मोठी ठेव आहे आणि आपण ती वापरत नाही. शेतावरच्या मुलाला 'पंप', 'मोटर', 'व्हॉल्व्ह', 'स्टार्टर', 'ट्रॉली', 'स्प्रे', 'लोन', 'सबसिडी' येतं. घरात ऐकून 'ऑपरेशन', 'इंजेक्शन', 'रिपोर्ट', 'डिस्चार्ज' येतं. हे शब्द कानाने माहीत आहेत, डोळ्याने नाहीत, स्पेलिंग समोर आलं की ओळख पटत नाही. मी आठवीच्या पहिल्या आठवड्यात मुलांना घरी बोलले जाणारे इंग्रजी शब्द मराठीत लिहून आणायला सांगते, एकेक जण ऐंशी-शंभर आणतो, मग आपण मिळून त्यांची स्पेलिंग लिहितो. ज्या मुलाला वाटत असतं मला इंग्रजी येतच नाही त्याची त्या दिवशी मान वर होते.

आता तपासायचं काय, तर मराठीत येता येता अर्थ सरकलेले शब्द. आपल्याकडे 'हॉटेल' म्हणजे मिसळ खायची जागा, इंग्रजीत राहायची. 'लाइट गेली' म्हणजे वीज गेली. 'शुगर आहे' म्हणजे मधुमेह. 'पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षा, आणि कोरा कागद सगळ्यात शेवटी आठवतो. 'स्टँड' म्हणजे एसटीचा स्टँड नाहीतर उभं राहणं, त्यामुळे 'आय कॅन्ट स्टँड नॉइज' हे वाक्य वाचून एक मुलगी म्हणाली, तो आवाजात उभा राहू शकत नाही. हे शब्द सोपे समजून परीक्षेत टाकू नका, आधी एकदा वर्गात उलगडून दाखवा.

प्रश्न : मराठीमुळे कुठल्या शब्दांत गोंधळ होतो?

जिथे मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत दोन-तीन आहेत तिथे. 'बघणे'चे सी, लुक, वॉच. 'करणे'चे डू आणि मेक. 'लेंड' आणि 'बॉरो' तर कायमचेच, आपण उसने देतो आणि उसने घेतो, शब्द एकच, क्रियापद बदलतं. उलट काही ठिकाणी मराठी आपल्याला मदत करते, 'सांगणे, म्हणणे, बोलणे' हे आपल्याकडे वेगवेगळे आहेतच, त्यावरून टेल, से, स्पीक बऱ्यापैकी बसतात. 'शिकणे' आणि 'शिकवणे' पण तसंच.

जोड्यांकडे लक्ष द्या. लाइट बंद कर म्हणून 'क्लोज द लाइट', टीव्ही लाव म्हणून कुठे 'ओपन द टीव्ही', परीक्षा दिली म्हणून 'गेव्ह द एक्झाम'. शब्द सगळे बरोबर, जोडी चुकीची. म्हणून वहीत एकटा शब्द लिहून घेऊ नका. 'लाइट' लिहायचा तर 'टर्न ऑफ द लाइट' असाच लिहायचा, 'होमवर्क' लिहायचा तर 'डू होमवर्क'.

प्रश्न : सेमी इंग्रजीच्या वर्गासाठी वेगळे शब्द लागतात का?

लागतात, आणि इथे सगळ्यात जास्त अन्याय होतो असं माझं मत आहे. विज्ञानाचे शिक्षक 'फोटोसिंथेसिस' नीट समजावतात, मराठीतून प्रकाशसंश्लेषण पण सांगतात, आकृती काढतात. शब्द ठळक छापलेला असतो, त्यामुळे त्याची जबाबदारी घेणारं कुणीतरी असतं. पण वाक्य असं असतं, 'प्लँट्स ॲब्झॉर्ब कार्बन डायऑक्साइड अँड रिलीज ऑक्सिजन इन द प्रेझेन्स ऑफ सनलाइट'. यातले 'ॲब्झॉर्ब', 'रिलीज', 'प्रेझेन्स' कोण शिकवणार? विज्ञानवाले म्हणतात हे इंग्रजीचं काम, इंग्रजीवाले म्हणतात आमच्या धड्यात हे शब्द नाहीत. 'प्रेझेन्स'वरून मुलांना आठवते हजेरी, प्रेझेंट मॅडम. सूर्यप्रकाशाची हजेरी म्हटलं तर खरं तर बरोबरच आहे, कुणीतरी तेवढं सांगायला हवं.

गणितात पण हेच. 'प्रॉडक्ट' म्हणजे गुणाकार, 'डिफरन्स' म्हणजे वजाबाकी, 'मीन' म्हणजे सरासरी, आणि 'रिस्पेक्टिव्हली', 'कॉरस्पाँडिंग', 'सच दॅट' हे तर कुणी थांबून सांगतच नाही. ॲकॅडेमिक वर्ड लिस्टचा उपयोग इथे होतो, तिच्यातल्या पहिल्या साठ शब्दकुटुंबांची उपयादी घ्या आणि विज्ञान-गणिताच्या पुस्तकात त्यातले कुठले दिसतात त्यावर खुणा करा. आमच्या शाळेत आम्ही तिघांनी मिळून सेमीच्या आठवीसाठी साठ-सत्तर शब्दांचा एक कागद केला, इंग्रजीच्या तासाला रोज दोन घेते. साध्या कागदाने खूप फरक पडला, मुलं विज्ञानाच्या पुस्तकातलं वाक्य पूर्ण वाचायला लागली, आधी नुसता ठळक शब्द पाठ करत होती.

प्रश्न : पेपरमधल्या सूचना सोप्या लिहाव्यात की बोर्डासारख्या?

दोन्ही, पण क्रमाने. बोर्डाचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो आणि तिथे सूचना इंग्रजीतच येणार, समजावून सांगायला कुणी नसणार. त्यामुळे 'पिक आउट', 'रिराइट', 'कम्प्लीट', 'जस्टिफाय', 'सजेस्ट', 'डू ॲज डायरेक्टेड' ही भाषा शिकवावीच लागते, ती टाळून चालत नाही. फक्त चूक अशी होते की आपण ती शिकवत नाही आणि एकदम तपासतो.

मी आठवीच्या जूनमध्ये सूचनांचे पंचवीस शब्द भिंतीवर लावते, प्रत्येकासमोर चित्र किंवा मराठी शब्द. पहिल्या चाचणीत फक्त त्यातले दहा वापरते, सहामाहीपर्यंत सगळे. नववीत भिंतीवरचा कागद काढून टाकते. 'स्टेट', 'मेन्शन', 'लिस्ट', 'गिव्ह' हे आपण एकमेकांच्या जागी वापरतो, गरज नाही. एकाच कामाला पेपरभर एकच शब्द ठेवा. आपल्याला वाटतं शब्द बदलले की पेपर भारी दिसतो, पण पेपर देणाऱ्याला तो फक्त गोंधळ असतो.

'नॉट' असलेले प्रश्न शक्य तेवढे टाळा, टाकलाच तर 'नॉट'खाली रेघ मारा.

प्रश्न : शब्दार्थाचे प्रश्न काढताना काय चुकतं?

दोन गोष्टी पावलोपावली दिसतात. एक, पर्याय विचारलेल्या शब्दापेक्षा अवघड. 'ह्यूज'चा अर्थ विचारला आणि बरोबर उत्तर 'एनॉर्मस'. ज्याला 'ह्यूज' येतो त्याला 'एनॉर्मस' येईलच असं नाही, मग गुण गेले ते कशामुळे? उत्तराचा शब्द नेहमी प्रश्नाच्या शब्दापेक्षा सोपा हवा, 'वेरी बिग' लिहायला लाज वाटायचं कारण नाही. दुसरं, चुकीचे पर्याय इतके लांबचे की न वाचता उत्तर येतं. 'फेमस'साठी वेल-नोन, बनाना, रनिंग आणि ब्लू. चारही पर्याय एकाच जातीचे हवेत, विशेषण असेल तर चारही विशेषणं, आणि तेवढेच ओळखीचे.

शब्द वाक्यात देऊन विचारा. आणि ज्या शब्दाचा अर्थ विचारताय तो त्या उताऱ्यात ज्या अर्थाने आलाय त्याच अर्थाने विचारा, हे सांगायची वेळ यायला नको पण येते.

प्रश्न : एका तासाला किती शब्द? विषयवार यादी देऊ का, सगळी फळं, सगळे रंग?

पस्तीस मिनिटांच्या तासाला सहा ते आठ, त्यातले तीन-चार नीट. वीस लिहून दिले की वहीत वीस जातात, डोक्यात दोन.

विषयवार यादीबद्दल माझं मत बदललंय. सगळं जवळजवळचं एकदम दिलं की एकमेकांत मिसळतं, यावर १९९०च्या दशकात प्रयोग पण झालेत आणि वर्गात तर रोज दिसतं. 'लेफ्ट-राइट' एकाच दिवशी शिकवलेली मुलं दहावीपर्यंत थबकतात. 'लेंड' आज घ्या, दोन आठवडे वापरा, तो पक्का झाला की मग 'बॉरो'. आणि परत परत भेट हवी, नवा शब्द पुढच्या दोन-तीन आठवड्यांत निदान आठ-दहा वेळा डोळ्यांसमोर आला पाहिजे. मी वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहून ठेवते, कुठला शब्द परत कधी आणायचा.

प्रश्न : अर्थ मराठीत सांगितला तर चालतो का?

चालतो. दहा मिनिटं अभिनय करून 'अनलेस' समजवण्यापेक्षा एक मराठी वाक्य सांगा आणि उरलेला वेळ तो शब्द वापरण्यात घालवा.

प्रश्न : ब्रिटिश की अमेरिकन?

पाठ्यपुस्तकात जे आहे ते, म्हणजे ब्रिटिश वळणाचं. मुलाने मोबाइलवर बघून कलरच्या स्पेलिंगमधला यू गाळला तर मी गुण कापत नाही, शेजारी पुस्तकातलं स्पेलिंग लिहून देते.

प्रश्न : मुलांच्या परिसरातलेच शब्द घ्यावेत का? मग बाहेरचं जग कधी कळणार?

शिकवताना बाहेरचं जग आणा, बर्फ आणा, मेट्रो आणा, समुद्र न बघितलेल्या मुलांना समुद्र दाखवा, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण परीक्षेत जागा वेगळी आहे. 'एस्कलेटर'वर आधारलेला उतारा तालुक्याच्या गावातल्या मुलाला आणि पुण्यातल्या मुलाला एकसारखा पडत नाही, तिथे इंग्रजी राहतं बाजूला आणि मॉल बघितलाय की नाही ते तपासलं जातं. उलट 'प्लाउ', 'सोइंग', 'वीड' वर आधारलेला उतारा शहरातल्या मुलावर अन्याय करतो, तेही तितकंच खरं. परीक्षेसाठी मी दोघांच्या घरात असलेल्या गोष्टी निवडते. पाऊस, स्वयंपाक, एसटीचा प्रवास, आजी, मोबाइल, बाजार, आजारपण.

आणि नात्यांचे शब्द जपून. 'आंट' म्हटलं की मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या आल्या. उताऱ्यात 'हर आंट' असेल आणि प्रश्न आईच्या बहिणीबद्दल असेल तर मुलांना ते कळायला काहीतरी खूण ठेवा, 'मदर्स सिस्टर' एकदा लिहा.

प्रश्न : मोबाइलवर किंवा एआयकडून उतारा बनवून घेतला तर?

घ्या, वेळ वाचतो, पण जसाच्या तसा छापू नका. पातळी सांगितली तरी मधेच एखादा न पेलणारा शब्द आणि लांब वाक्य येऊन जातं. नंतर तो उतारा लेक्सट्यूटर नावाच्या साइटवर किंवा अँटवर्डप्रोफायलर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका, कुठले शब्द पहिल्या हजारातले, कुठले दुसऱ्या, कुठले यादीबाहेरचे ते वेगवेगळे करून मिळतं. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ पण मोफत आहेत, शब्द मुलांनी आधी बघितलाय का ते तिथे शोधून कळतं. आणि मग वर सांगितलेला 'ड्रू'चा किस्सा लक्षात ठेवून एकदा स्वतः मोठ्याने वाचा, कारण यादीला अर्थ कळत नाही.

प्रश्न : पालक म्हणतात अवघड शब्द शिकवा, सोपं काय शिकवताय. काय सांगायचं?

एका वडिलांनी मला हेच विचारलं होतं, की इंग्रजी माध्यमातली त्यांची पुतणी किती मोठे शब्द बोलते. मी त्यांच्या मुलीला बोलावलं आणि खिशातली औषधाची पट्टी काढायला लावली त्यांना, बीपीच्या गोळ्यांची. म्हटलं हे वाच. 'स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस', 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन'. तिने वाचलं, अर्थ सांगितला, 'रीच'पाशी थांबली आणि मग हात लांब करून म्हणाली, इथपर्यंत पोचू नये असं. नंतर वडिलांना म्हणाली, अप्पा, तुम्ही ही पट्टी खिडकीत उन्हात ठेवता, ती आत ठेवायची असते.